बुधवारचा चौकोन

रौनो गेल्याची बातमी पेपरात आली ती चार ओळींची. ‘रौनो किवेला, वय एकसष्ट. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. मासेमारीची आवड. मागे जवळचं कोणी नाही.’ वाचून माझं डोकंच फिरलं. मासेमारीची आवड म्हणे! अहो, बावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलाला बसले. तो वर्षातून एकदा तळ्यावर जायचा, गळ पाण्यात सोडायचा आणि झोपायचा. ज्यांनी लिहिलं त्यांना त्याचं काही ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईला ठाऊक होतं तिला कोणी विचारलं नाही. म्हणून मीच लिहितेय. मी व्हर्ना कोवालचुक. कंपनीत तक्रारींचे फोन घेते, त्यामुळे गोड बोलायची मला सवय नाही.

आमच्या कॅनडातल्या थंडर बे गावात तुम्ही कधी वेबसाइटवरून दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली असेल, पोरांच्या हॉकीसाठी तासभर बर्फाचं मैदान अडवलं असेल, नाहीतर लग्नासाठी चर्चचा हॉल धरला असेल, तर तुम्ही ज्या तारखेवर बोट ठेवलंत ती रौनोने तिथे ठेवलेली होती. ‘तारीख’ लिहिलेल्या जागेला हात लावला की छोटं कॅलेंडर उघडतं ना, तेच. आमच्या धंद्यात त्याला डेट पिकर म्हणतात. तयार मिळतो, फुकट मिळतो, उचलायचा आणि चिकटवायचा. आमचा मालक गार्नेट रोज ओरडायचा, “चिकटव आणि पुढे चल ना बाबा!” रौनोला ते जमायचं नाही. शिंप्याने गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं तो आधी विचारत बसायचा, कोण वापरणार, डोळे कसे आहेत, बोटं जाड आहेत का.

उत्तरेला एक मासेमारीचा तळ आहे. तिथे विमान फक्त मंगळवारी आणि शनिवारी उतरतं. दुसऱ्या कोणी बाकीचे दिवस करडे करून सोडून दिले असते. रौनो म्हणाला, “नुसता करडा करून काय उपयोग? माणसाला वाटतं आपलंच बोट नीट लागलं नाही. तो वेड्यासारखा तिथेच दाबत बसतो.” म्हणून त्याने बंद दिवसावर बोट ठेवलं की ‘आज विमान नाही’ अशी ओळ उमटेल असं केलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा एका म्हाताऱ्याचा मला फोन आला. दवाखान्याचा फॉर्म भरत होता, जन्म १९३१चा. “बाई, मी दहा मिनिटं मागचा बाण दाबतोय आणि अजून १९८७लाच आहे. मी जन्माला येईपर्यंत मरेन हो!” मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. रौनो हसला नाही. त्याने कागदावर गणित मांडलं. एका महिन्याला एकदा दाबायचं, म्हणजे म्हाताऱ्याला स्वतःच्या जन्मापर्यंत पोचायला जवळजवळ हजार वेळा दाबावं लागणार. तो म्हणाला, “आपण त्याला हजार वेळा सांगतोय की तू फार जगलास.” संध्याकाळपर्यंत त्याने वर्षासाठी वेगळी चौकट केली, आणि मग स्वतः त्या म्हाताऱ्याला फोन करून अर्धा तास लाकूडतोडीच्या दिवसांबद्दल बोलत बसला. गार्नेट कपाळाला हात लावून म्हणाला, “हे कोणी मागितलं होतं का रे?”

लग्न त्याने केलं नाही. एकदा जमत आलं होतं, ती बाई टोरंटोला गेली, हा गेला नाही. कारण एकच, त्याची आई. लेम्पीबाई फिनलंडहून कोवळ्या वयात आलेली, जंगलातल्या छावणीत पन्नास-पन्नास लाकूडतोड्यांचा स्वयंपाक केलेली, तिशीतच नवरा गेलेली. तिच्यापुढे मीसुद्धा मांजर व्हायचे. पहिल्या भेटीत मला म्हणाली, “पोरी, ऑफिसात तू फार ओरडतेस म्हणे. घरी कोणी ऐकत नाही का?” मी म्हटलं, “घरी कोणीच नाही.” “मग चालू दे,” म्हणाली आणि कॉफी ओतली. दर शुक्रवारी ती वेलदोड्याचा गोड पाव भाजायची, तीन पेडांची वेणी घातलेला, आणि रौनो तो ऑफिसात आणायचा. मला कडेचा तुकडा आवडतो, करकरीत. पहिला तुकडा मला द्यायचा हे त्याचं ठरलेलं.

एकोणनव्वदाव्या वर्षी लेम्पीबाईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती बर्च हिल वृद्धनिवासात गेली. रौनो रोज ऑफिस सुटलं की तिकडे. मग वीस सालचा तो मार्च आला, साथ पसरली आणि सगळ्यांची दारं बंद झाली. उन्हाळाभर माणसं बर्च हिलच्या हिरवळीवर उभी राहून तिसऱ्या मजल्याकडे हात हलवायची. लेम्पीबाईची खोली मागच्या बाजूला, तिला हलवलेला हातही दिसत नसे.

सप्टेंबर संपता संपता त्यांनी दार किलकिलं केलं. आठवड्यातून एक भेट, एकच माणूस, अर्धा तास, काचेच्या व्हरांड्यात. भेटीचा दिवस वेबसाइटवरून धरायचा. ते कॅलेंडर आमच्याकडे आलं, म्हणजे रौनोकडे आलं. मी म्हटलं, “तूच करतोयस ना, मग पहिला दिवस आईचा टाक की!” तो म्हणाला, “आणि बाकीच्यांना आया नाहीत?” तो सगळ्यांसारखा रांगेत थांबला. त्याला मिळाला गुरुवार, दुपारी दोन. सात महिन्यांनी आईला तो समोर बघणार होता. त्या आठवड्यात तो शिट्टी वाजवत होता, आणि रौनोला शिट्टी वाजवता येत नसे.

बाहेर घरच्यांनी दिवस धरला की आत बर्च हिलच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते नाव त्या वाराखाली उमटायचं. सात वार, सात रकाने, खाली नावं. आकडे रौनोने मुद्दाम काढून टाकले होते, म्हातारी माणसं तारखांच्या गर्दीत गोंधळतात म्हणून. त्या सोमवारी लेम्पीबाईचा ऑफिसात फोन आला, रौनोने तो स्पीकरवर घेतला.

“रौनो, हे कसलं कॅलेंडर लावलंयस? रविवार पहिला?”

“आई, इथे तसंच असतं. इथल्या सगळ्या कॅलेंडरांत रविवारच पहिला.”

“देवाने सहा दिवस काम केलं आणि मग विसावा घेतला. आधी लोळायचं आणि मग कामाला लागायचं, हे आळशी लोकांचं कॅलेंडर! माझ्या खोलीत बघ, सोमवार पहिला आहे. सत्तर वर्षं मी कॅलेंडरातली घरं मोजून वार बघते, अक्षरं कोण वाचतंय? आता तू कोणत्या घरात येतोस ते मला कळेना.”

“गुरुवारी येतो, आई.”

“गुरुवार कितवं घर? चौथं की पाचवं?”

आम्ही दोघंही हसलो. पण रौनोचं हसू लवकर थांबलं. बर्च हिलमध्ये निम्मी म्हातारी माणसं फिनलंडची, सगळ्यांच्या भिंतीवर सोमवारपासून सुरू होणारं कॅलेंडर. मंगळवारी दुपारी त्याने आठवडा फिरवला. गार्नेट म्हणाला, “चालू गाडीला हात लावू नकोस.” रौनो म्हणाला, “एका ओळीचं काम आहे.”

एका ओळीचंच होतं. मशीन वार आकड्यांनी मोजतं, रविवार शून्य, सोमवार एक, असं. आठवडा सोमवारपासून हवा तर प्रत्येक वार एक घर मागे सरकवावा लागतो. रौनोने तो हाताने सरकवला. पण त्या तयार कॅलेंडरच्या नव्या आवृत्तीला ‘सोमवार पहिला’ एवढं सांगितलं की ती स्वतःच सरकवत होती. म्हणजे दोनदा सरकलं. वरची वारांची नावं जागेवर आणि खालची माणसं एक घर मागे. गुरुवारची नावं बुधवारच्या खाली जाऊन बसली. घरच्यांची बाजू त्याने तपासली, ती बरोबर होती. आतला पडदा तपासायचा राहिला. दुसऱ्या कोणासाठी असतं तर चार वेळा तपासलं असतं त्याने. इथे आईला लगेच हवं होतं, आणि त्याला लगेच द्यायचं होतं.

त्याच हिसक्यात त्याने माझ्या तक्रारींच्या फॉर्ममधलं कॅलेंडरही सोमवारपासून करून टाकलं. बुधवारी सकाळी मी तीन गिऱ्हाइकांना चुकीचा वार सांगून बसले. मी भडकले. “मला न विचारता माझ्या टेबलाला हात का लावलास? तुझ्या आईचं कॅलेंडर तिच्या भिंतीवर ठेव!” तो बिचारा म्हणाला, “एकसारखं असावं म्हणून गं.” मी म्हटलं, “माझ्याशी बोलू नकोस.” आणि कानाला फोन लावून बसले. माझा स्वभाव असा आहे. एकदा तोंड फिरवलं की संध्याकाळपर्यंत वळवत नाही.

दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी बर्च हिलच्या कचेरीतल्या बाईचा फोन आला. “अहो, इथे सहा जण चांगले कपडे घालून व्हरांड्यात बसलेत, दोन वाजल्यापासून. कोणाचंच कोणी आलं नाही. आणि जे आले त्यांची नावं पडद्यावर नाहीत. तुमचं काही बिघडलंय का?”

मी म्हटलं, “घरचे विसरले असतील. म्हातारी माणसंही वार विसरतात.” तिने विचारलं, “बघता का जरा?” मी म्हटलं, “बघते.” फॉर्म उघडला, तक्रार लिहिली. रौनो माझ्यापासून सहा पावलांवर होता. नुसतं वळून म्हणायचं होतं, ‘अरे, बर्च हिल काय म्हणतंय बघ.’ पण सकाळी मीच म्हटलं होतं ना, बोलू नकोस. आता आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. उद्या सांगू, म्हटलं, आग थोडीच लागली आहे. ऑफिसपासून बर्च हिल गाडीने बारा मिनिटांवर आहे.

गुरुवारी सकाळी नऊला मी त्याला तिरसटपणेच सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवर बर्च हिलचा पडदा उघडला आणि गुरुवारची नावं बुधवारखाली पाहिली. चार मिनिटांत त्याने ती ओळ काढली. मग बर्च हिलला फोन लावला. मी इकडून ऐकत होते. “हो... निळा कोट?... साडेचारपर्यंत?” फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

“आई काल अडीच तास व्हरांड्यात बसली होती. कोट काढू देईना. व्हर्ना, त्यांचा फोन कधी आला?”

माझी जीभ सुटली ती खोटं बोलायलाच. “आत्ता,” मी म्हटलं. “आत्ता सकाळी.”

तो दोन वाजता गेला. बाजारातून वेलदोड्याचा पाव घेऊन गेला. लेम्पीबाई आलीच नाही. नर्सने खूप विनवलं. शेवटी नर्स एकटीच काचेपाशी आली आणि निरोप दिला, “त्या म्हणतात, त्याला सांगा, मी काल बसले होते.” तो पूर्ण अर्धा तास रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. पाव नर्सजवळ देऊन आला. तो तिकडे उभा असताना इकडे मी काय करत होते ते सांगते. मी तक्रारीचा फॉर्म उघडला, तारखेची चौकट उघडली, बुधवार काढून गुरुवार केला, वेळ नऊ केली, आणि जतन केलं.

शुक्रवारी बर्च हिलमध्ये आजार शिरला आणि दार पुन्हा बंद झालं. दहा दिवसांनी लेम्पीबाई गेली. रौनोला ती दिसली नाही, ना आधी, ना नंतर. पुरताना दहाच माणसांना परवानगी होती, तरी आम्ही सहाच होतो.

तिची खोली रिकामी करून त्याने एक खोकं आणलं. त्यात तिचं कॅलेंडर होतं, सोमवारपासून सुरू होणारं. त्याने मला दाखवलं. बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘रौनो, दोन’, आणि ते खोडलं होतं. गुरुवारच्या चौकोनात बारीक अक्षरांत फिनिश भाषेत काहीतरी होतं. त्याने बोट फिरवत वाचलं.

“‘रौनो आला होता. पाव विकतचा. उद्या बोलेन त्याच्याशी.’”

पुढचे चौकोन कोरे होते. “विकतचा ओळखला बघ तिने,” तो म्हणाला, आणि हसायला गेला ते त्याला जमलं नाही. मी पहिल्यांदाच त्याला रडताना पाहिलं. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय तो हात! जळो मेला.

त्यानंतर त्याने तयार कॅलेंडरांना बोट लावलं नाही. गार्नेट सांगेल ते चिकटवायचा आणि पुढे जायचा. गार्नेटला वाटलं, माणूस सुधारला. एकच गोष्ट त्याने कोणी न सांगता केली. आमच्या फॉर्ममध्ये जुनी तारीख कोणी बदलली की खाली एक छोटी चौकट उघडते, ‘कारण?’ असं विचारणारी. गार्नेटने विचारलं, “हे कोणी मागितलंय?” रौनो म्हणाला, “कोणी नाही.”

आणि त्याने पाव भाजायला शिकून घेतलं. पहिले पाव दगडासारखे. वेणी विसकटलेली, वेलदोडा एवढा की जीभ बधिर. पण दर शुक्रवारी आणायचा, आणि कडेचा तुकडा पहिला माझ्यापुढे. मी खायचे. दोन वर्षं खाल्ला.

बावीस साली त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी टेबल आवरून झाल्यावर कोट घालून तो माझ्यासमोर उभा राहिला.

“व्हर्ना, तो बर्च हिलचा फोन.”

“कुठला?” मी म्हटलं.

“तुझ्या फॉर्ममध्ये आजची तारीख आपोआप पडते. दुसरी हवी तर हाताने बदलावी लागते. आणि आधीची पुसली जात नाही, मागे राहते. ती चौकट मीच केली आहे गं.”

मी विचारलं, “कधी पाहिलंस?”

“आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

दुसऱ्या दिवशी! म्हणजे दोन वर्षांचे सगळे शुक्रवार, तो प्रत्येक तुकडा, त्याने माहीत असून माझ्यापुढे ठेवला होता. मी कसंबसं म्हटलं, “मग बोलला का नाहीस? निदान ती तारीख परत बदलता येऊ नये असं कुलूप तरी लावायचंस.”

“लावता आलं असतं,” तो म्हणाला. “नाही लावलं. वाटलं, एक दिवस तूच परत बुधवार करशील.”

त्याच क्षणी माफी मागायची, एवढंच करायचं होतं. साठी गाठलेल्या बाईला ते जमू नये? मी घड्याळाकडे बघून म्हटलं, “तुझी बस चुकेल.” तो म्हणाला, “हो,” आणि गेला. त्यानंतर मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. हृदय बंद पडून तो यंदा मार्चमध्ये गेला, घरात एकटाच होता.

काल पेपर वाचून ऑफिसात आले. जुन्या तक्रारी उघडल्या आणि बर्च हिलची काढली. तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं, कॅलेंडर उघडलं, अजूनही सोमवार पहिला. मी घरं मोजली, एक, दोन, तीन. बुधवार केला. वेळ, तीन वाजून पाच. खाली ती छोटी चौकट उघडली. ‘कारण?’

मी लिहिलं, ‘फोन बुधवारीच आला होता. आई व्हरांड्यात बसली होती, रौनो बारा मिनिटांवर होता, आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते.’